खोडरबराचा भुगा

तिने लिहिलेलं तिच्या डोळ्यांदेखत पुसलं गेलं आणि तिचा हात तसाच अधांतरी राहिला. तसं काही मोठं लिहिलं नव्हतं. दुकानदाराने वाचायच्या यंत्राची लेखणी हातात दिली, "लिहा ना मॅडम, काहीही लिहा, नाव लिहा," म्हणाला. नाव लिहायचा तिला संकोच वाटला, म्हणून करड्या पडद्यावरच्या कुठल्याशा नमुन्याच्या लेखाच्या समासात तिने 'हे तपासून पाहावं' एवढंच लिहिलं. आयुष्यात तिच्या हाताने सर्वांत जास्त वेळा लिहिलेले शब्द तेच असतील. काउंटरच्या दुसऱ्या टोकाला तसंच दुसरं यंत्र उघडून ठेवलेलं होतं. त्याच्यावरही ते शब्द उमटले, तिच्याच वळणाचे, 'ह'ची शेपटी तशीच लांबलेली. "बघा, इकडे आले!" दुकानदार जादूगाराच्या थाटात म्हणाला. मग त्याने आपली लेखणी उलटी धरली, तिच्या मागच्या बोथट टोकाने पडद्यावर दोनदा घासलं, आणि तिच्या हाताखालचे शब्द गेले. "आणि इकडून पुसलं की तिकडचंही गेलं. खातं एकच ना दोघांचं! कटकट नाही." ती वाकून बघत राहिली. शब्द होते तिथे एक पुसट राखाडी सावली उरली होती, नीट पाहिलं तर अजून वाचता येत होती. "ती छाया राहते थोडीशी, या पडद्यांचा स्वभावच आहे तो," तो म्हणाला, "पण हे दाबलं की पान ताजं होतं." त्याने दाबलं. पडदा क्षणभर काळाठिक्कर झाला, मग पांढरा झाला, आणि सावलीही गेली. असं पान की ज्यावर कधी कुणी काही लिहिलंच नव्हतं.

दुकानदार पन्नाशीचा होता. केस काळेभोर रंगवलेले, भुवया मात्र रंगवायला विसरलेला. त्यामुळे तो सारखा कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारखा दिसत होता. बोलायला गोड. मॅडम प्राध्यापक आहेत, जुन्या वजनमापांच्या इतिहासावर काम करतात, त्यांच्या विभागातले मोठे सर येत्या आठवड्यात निवृत्त होताहेत, त्यांना निरोपाची भेट म्हणून वाचायचं यंत्र द्यायचं आहे, आणि सरांच्याच इच्छेने एक जोडीचं यंत्र मॅडमनाही घ्यायचं आहे, एवढं सगळं त्याने पाच मिनिटांत तिच्याकडून काढून घेतलं होतं. "म्हणजे गुरुशिष्यांची जोडी!" असं तो दोनदा म्हणाला होता. विभागातही सगळे असंच काहीतरी म्हणाले होते. "तुमच्याशिवाय कोण निवडणार?" असं विभागप्रमुख म्हणाले तेव्हा बैठकीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या होत्या. त्या माना डोलावण्यामागचं हसूही तिला ओळखीचं होतं. पाठीमागे तिला सरांची शिसपेन्सिल म्हणतात हे तिला ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे. विभागाच्या भिंतींना कान होते की नाही कोण जाणे, पण तोंडं नक्कीच होती. जोडीच्या यंत्राची कल्पना सरांची. "तू तुझ्या घरी बसून टिपणं कर," ते म्हणाले होते, "ती माझ्या यंत्रावर आपोआप येतील म्हणे. तुझा बसचा त्रास वाचेल." तिचा त्रास वाचावा असं सरांना पहिल्यांदाच वाटलं होतं, तेही टिपणांचा त्रास आयुष्यभर चालू राहावा म्हणून.

"खरखर बघा," दुकानदार म्हणाला. तिने पडद्यावरून बोट फिरवलं. कागदासारखीच खरखर होती, जरा जास्तच प्रामाणिक. शोधनिबंधांसाठी मोठा पडदा बरा, तो सांगत होता, दोन रकान्यांचं पान असलं की लहान पडद्यावर सारखं मोठं-लहान करत बसावं लागतं, आणि समास चिमूटभर उरतो. "लिहिणाऱ्याला समास हवा ना मॅडम?" हो, तिला समास हवा होता. तिला समासच मिळाला होता. ती चोविशीची असताना वर्गात तोंड उघडायची नाही. घरात वडिलांचा आवाज एवढा मोठा की दुसऱ्या कुणाचा आवाज असू शकतो हे तिला फार उशिरा कळलं. बाहेर बोलायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची. चर्चा चालू असताना सगळ्यांची उत्तरं तिच्या मनात आधी तयार असायची आणि ती मूग गिळून बसायची. सरांनी ते ओळखलं. हे मात्र खरं, दुसऱ्या कुणीही ओळखलं नव्हतं, सरांनी ओळखलं. वर्ग सुटल्यावर त्यांनी स्वतःच्या अर्ध्या लिहिलेल्या लेखाची पानं तिच्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "तोंडाने बोलता येत नसेल तर समासात बोल." सोबत एक टोक केलेली शिसपेन्सिल दिली. शाई नको, शाईचा हक्क लिहिणाऱ्याचा, वाचणाऱ्याने शिसपेन्सिलीनेच लिहावं, ही त्यांची शिस्त. त्या रात्री तिने अठ्ठावीस पानांच्या समासात जे काही भरलं ते आठवलं की अजून तिच्या बोटांना गरम वाटतं. दुसऱ्या दिवशी सरांनी पानं उलटली, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "माझं इतकं नीट कुणी ऐकलं नव्हतं." त्या एका वाक्यावर माणूस किती वर्षं जगू शकतो? ती तर अजून जगतच होती. उपाशी माणसाला शिळ्या भाकरीचंही कौतुक, तशातली गत.

आणि खोडरबर. लेख छापायला जाण्याआधी, पुस्तक ग्रंथालयात परत करण्याआधी, सर घरच्या टेबलाशी बसून तिची सगळी टिपणं पुसत. त्यात वाईट असं काही नव्हतं. "वाचलेलं पुस्तक न वाचल्यासारखं परत करावं, यालाच सभ्यता म्हणतात," असं ते म्हणत, आणि ते त्यांना मनापासून वाटतही असे. हवापाण्याच्या, विभागातल्या भानगडींच्या, गुडघ्याच्या गप्पा मारत ते सावकाश पुसत जात. तिचा एकेक प्रश्न, एकेक शंका, एकेक 'हे तपासून पाहावं' करड्या भुग्यात गोळा होई. मग ते तो भुगा हाताच्या कडेने टेबलाच्या टोकाशी आणत. कचऱ्याची टोपली तिच्या बाजूला असे, म्हणून ती टेबलाच्या कडेखाली तळहात धरी, आणि ते तो भुगा तिच्या हातावर लोटत. ती तो टोपलीत टाकी. हे इतक्या वर्षांत इतक्या वेळा झालं होतं की त्यात काही आहे असं तिला कधी वाटलंच नाही. एकदा मात्र वहिनींनी, सरांच्या पत्नीने, दारातून ते पाहिलं. हातात चहाचे दोन कप. त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "मी यांचे चष्मे शोधते, तुम्ही यांचे विचार. दोघींचं एकच काम, फक्त तुम्हाला खुर्ची आहे." सर हसले. ती पण हसली. वहिनी मात्र हसल्या नाहीत, कप ठेवून आत गेल्या.

दुकानदार आता बॅटरीबद्दल बोलत होता. ती मान डोलावत होती आणि तिच्या मनात ते एक वाक्य पुन्हा वर येत होतं, पाण्यात दाबून धरलेला चेंडू वर येतो तसं. 'हे माप बाजारातलं झालं. घरातलं माप कुठे आहे?' सरांच्या गाजलेल्या पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणाच्या कच्च्या पानावर तिने हे लिहिलं होतं, डाव्या समासात, तिरपं, जागा पुरली नाही म्हणून. पुस्तक छापून आलं तेव्हा ते त्याचं पहिलं वाक्य होतं. पुढे तेच वाक्य सगळीकडे. व्याख्यानांत, परीक्षेच्या पेपरात, सरांच्या गौरवग्रंथाच्या मागच्या पानावर. तिला तेव्हा राग आला का? खरं सांगायचं तर आनंद झाला होता. ऊर भरून आला होता. आपलं अक्षर शिशाचं होतं ते शाईचं झालं, असं तिला वाटलं होतं. राग पुष्कळ वर्षांनी आला. कुठल्याशा परिषदेत जेवताना शेजारी बसलेल्या एका प्राध्यापकाने तोंडातला घास न संपवता तिला ते वाक्य समजावून सांगितलं, "तुमच्या सरांची खरी झेप इथे आहे, बाई. तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतो?" तिला कळत होतं. तिने ताटातलं सगळं संपवलं, हात धुतले आणि मग स्वच्छतागृहात आरशासमोर बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. घरी आल्यावर थोरल्या बहिणीला, ताईला, हे सांगितलं. ताईची जीभ मुळातच तिखट. ती म्हणाली, "त्या माणसाशी लग्न केलं असतंस तर निदान भांडता तरी आलं असतं. तुझं म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं." ती ताईवर चिडली. पंधरा दिवस बोलली नाही. पण त्याच पंधरा दिवसांत तिने स्वतःचं पुस्तक लिहायला घेतलं.

घरातल्या मापांचं पुस्तक. मूठ, चिमूट, ओंजळ, पसा. बाजारातलं माप लोखंडाचं असतं, त्यावर राजाचा शिक्का असतो. घरातलं माप बाईच्या हाताएवढं असतं आणि ती गेली की ते माप जगातून जातं. हे लिहायला तिला किती वर्षं लागली ते तिने मोजायचं सोडून दिलं होतं. म्हाताऱ्या बायकांच्या स्वयंपाकघरांत बसून तिने त्यांच्या मुठी तराजूत तोलल्या होत्या. एकीने मूठ उघडून दाखवत विचारलं होतं, "हे माप कुणाला पाहिजे गं?" पुस्तक पुरं झालं तेव्हा तिने छापील पानांचा गठ्ठा सरांना नेऊन दिला. विद्यापीठाची ग्रंथमाला त्यांच्या हातात, त्यांनी वाचून हो म्हटल्याशिवाय पान हलत नाही. आणि तेवढंच कशाला, त्यांनी वाचावं हीच तिची इच्छा होती. एकदा तरी त्यांनी शिसपेन्सिल हातात घेऊन तिच्या समासात बोलावं. गठ्ठा त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तीन वर्षं तो तिथेच आहे. वरचं पान उन्हाने पिवळं पडलं आहे आणि त्यावर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ आहे. "वाचतोय," ते म्हणत. मग "डोळ्यांना कागद झेपत नाही आता," म्हणू लागले. आणि यंत्राचं ठरलं तेव्हा स्वतःहून म्हणाले, "यंत्र आलं की पहिलं तुझं पुस्तक. शब्द देतो." म्हणून ती आज सुट्टी घेऊन इथे आली होती, तीन दुकानं पालथी घालून या चौथ्यात. यंत्र चांगलं हवं होतं. डोळ्यांना मऊ, हाताला हलकं, अक्षर मोठं होणारं. सबब उरणार नाही असं.

फोन वाजला. सर होते. ती काउंटरपासून बाजूला, रिकाम्या खोक्यांच्या ढिगाशी जाऊन उभी राहिली.

"काय गं, झालं का?"

"बघतेय सर. मोठा पडदा घेऊ की मधला? मोठ्यावर शोधनिबंध नीट दिसतात, पण जरा जड आहे."

"मला काय कळतंय त्यातलं? तू आहेस ना. आणि ऐक, तुझं पुस्तक घालून आण त्यात. अगदी पहिलं."

या वयात, खोक्यांच्या ढिगाशी उभं राहून, असं छातीत धडधडावं याची तिला लाज वाटली आणि धडधड तरीही थांबेना. "खरंच वाचणार, सर?"

"म्हणजे काय! शब्द दिलाय. फक्त एक कर. तू तुझ्या नेहमीच्या पद्धतीने आधी समासात टिपणं टाकून ठेव. कुठे जोर आहे, कुठे कच्चं आहे, कुठे वाद होईल. म्हणजे मला सरळ तेवढंच बघता येईल. एवढी पानं आता या वयात कुठे..."

"माझ्याच पुस्तकावर? टिपणं?"

"मग! तुझ्याइतकं नीट दुसरं कोण वाचतं?" ते हसले. त्या हसण्यात खोट नव्हती, हेच वाईट होतं. प्रेमाने हसले. "आणि काळजी करू नकोस. नंतर मी पुसून टाकेन सगळं."

"बरं, सर," ती म्हणाली.

फोन बंद झाल्यावर तिला आपलाच 'बरं, सर' ऐकू आला. तिच्या आधीच तो तोंडातून निघून गेला होता, पाळलेल्या जनावरासारखा, दार उघडं दिसलं की आपापल्या जागी जाऊन बसणारा. ती खोक्यांकडे बघत उभी राहिली. एका खोक्यावर चित्र होतं, एक तरुण बाई खिडकीत बसून यंत्रावर काहीतरी लिहिते आहे, हसते आहे. कशाला हसतेस, तिला विचारावंसं वाटलं. तुझं लिहिलेलं कुठे उमटतंय ते बघितलंस का? मग तिला खरोखरच हसू आलं, कडू, घशातून वर आलेल्या आंबट पाण्यासारखं. स्वतःच्या पुस्तकाचं पहिलं वाचनही तिनेच करायचं. सरांच्या वतीने. सरांनी वाचलं असतं तर काय वाचलं असतं ते वाचायचं, आणि मग सरांनी ते वाचायचं, आणि मग सरांनीच पुसायचं. इतक्या वर्षांत त्यांनी तिची टिपणं वाचली होती, तिला कधी वाचलंच नव्हतं. आणि त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांना मनापासून वाटत होतं की ते पुस्तक वाचणार आहेत. म्हणजे त्यांची आजवरची सगळी पुस्तकं त्यांनी अशीच वाचली असतील का? तिच्या आधी कोण होतं त्यांच्या समासात? कुणीतरी असणारच. त्याचाही भुगा कुणीतरी हातावर झेलला असेल. ती म्हणे शिष्या. अहो, शिष्येला गुरू काहीतरी देतो. हिने आपले कान, डोळे, मनगट सगळं त्यांना देऊन टाकलं, आणि वर लिहून लिहून दुखऱ्या झालेल्या मनगटाला पट्टा बांधून त्यांच्यासाठी यंत्र निवडायला आली! आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तोही आधी हलका की जड ते पारखून.

"ठरलं का मॅडम?" दुकानदाराने विचारलं. तिचा चेहरा बघून त्याच्या न रंगवलेल्या भुवया आणखी वर गेल्या असाव्यात. त्याने सूर जरा खाली आणला. "घाई नाही. तसं आणखी एक आहे. हे." त्याने काउंटरखालून एक पातळ, साधं यंत्र काढलं. "याला लेखणी नाही. यावर लिहिता येत नाही, कुणाशी जोडता येत नाही, नुसतं वाचायचं. म्हाताऱ्या माणसांना हे बरं पडतं. एक विचारू? ज्यांना द्यायचं, ते वाचताना लिहितात का?"

साधा प्रश्न होता. दुकानदार रोज विचारत असेल. पण ती उत्तर शोधायला मागे गेली आणि जातच राहिली. सरांचा उजवा हात तिला दिसला. लांब बोटं, अंगठ्याजवळचा तीळ. त्या हातात चष्मा दिसला, चहाचा कप दिसला, सही करायचं जाड पेन दिसलं, पांढरं खोडरबर तर सगळ्यात जास्त दिसलं. शिसपेन्सिल दिसेना. एकदा दिसली, अगदी पहिल्या दिवशी, तिच्याकडे सरकवताना.

"नाही," ती म्हणाली. "ते लिहीत नाहीत. पुसतात."

दुकानदार हसला. त्याला तो विनोद वाटला आणि तिने तो विनोदच राहू दिला. "मग लेखणीचं ओझं कशाला!" तो म्हणाला.

"हो, कशाला. त्यांच्यासाठी हेच द्या. नुसतं वाचायचं."

"आणि तुमचं?"

"ते मोठ्या पडद्याचं. लेखणी असलेलं. ते माझं मी घेतेय, विभागाच्या बिलात नको."

"मग खातं? दोघांचं जोडायचं होतं ना? याच्याशी जोडता येणार नाही हां मॅडम, आधीच सांगतो, नंतर तक्रार नको."

"जोडायचं नाही," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला अनोळखी वाटला. वर्गात कधीच न निघालेला आवाज, इतक्या उशिरा, एका दुकानात, गिऱ्हाईक म्हणून. आता सरांना सांगायला लागेल. ते रागावणार नाहीत, दुखावतील, आणि ते रागापेक्षा वाईट. गठ्ठा खिडकीतच राहील. ग्रंथमालेत पुस्तक येणार नाही, निरोपाच्या समारंभात सगळे तिच्याकडे बघतील आणि कुणीतरी म्हणेल, शिसपेन्सिलीला टोक आलं. म्हणू दे. तिला मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही. बसमध्ये वर्षानुवर्षं ज्याच्या शेजारी बसलो तो मधल्याच थांब्यावर उतरून जावा, तसं अंग एका बाजूने गार पडलं.

दुकानदाराने तिचं यंत्र सुरू करून दिलं. पुस्तक तिच्या ई-टपालात होतंच, ते त्यात उतरवून दिलं आणि तो बिलं करायला वळला. पडदा काळा झाला, पांढरा झाला, आणि तिचं पहिलं पान आलं. मोठं, करडं, शांत, दोन्ही बाजूंना भरपूर समास. या पानावर चहाचं वर्तुळ नव्हतं. ती वाचू लागली. आपलं पुस्तक वाचणारी पहिली वाचक आपणच, तर आपण. त्या म्हातारीची मूठ तिसऱ्या परिच्छेदातच होती. तिने ठेवली होती त्याहून ती तिथे जास्त नीट बसली होती, आणि वाक्य बरं जमलं होतं, खरंच बरं जमलं होतं. हे दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवं होतं. तिची लेखणी खाली टेकली. समासात, डाव्या बाजूला, जरा तिरपं, हाताने आपण होऊन लिहिलं: 'सर, हे पाहा.'

ती त्या शब्दांकडे बघत राहिली. 'ह'ची शेपटी तशीच लांब. इथे कुणी सर नव्हते. हे पान कुठेच उमटत नव्हतं. तरी हात दुसऱ्या कुणाशी बोलायला शिकलाच नव्हता, त्याला बिचाऱ्याला काय दोष द्यायचा. तिने लेखणी उलटी केली आणि सावकाश पुसायला सुरुवात केली, आधी 'पाहा', मग 'हे', मग सगळ्यात शेवटी 'सर'. ते जायला दोनदा घासावं लागलं. तेवढ्यात दुकानदार दोन वेगवेगळी बिलं घेऊन आला आणि थांबला. मॅडम उजव्या हाताने पडद्यावर घासत होत्या आणि डावा हात त्यांनी काउंटरच्या कडेखाली, तळवा वर करून, पसरून धरला होता. काहीतरी मागताहेत असं त्याला वाटलं, म्हणून त्याने बिलं त्या हातावर ठेवली.